पहिलं की दुसरं?

माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याने आजवर कुणाचं काही वाकडं केलेलं नव्हतं. नवा बूट चावला की तो कुरकुर करायचा, एवढाच त्याचा आणि जगाचा संबंध. पण त्या रविवारी दुपारी त्याने माझ्या मेहुण्यांचं गाणं बंद पाडलं.

मी त्यांच्या गाण्याच्या खोलीत स्टुलावर बसलो होतो. ही पूर्वी अडगळीची खोली होती. अडगळ अजून तिथेच आहे, फक्त तिला आता स्टुडिओ म्हणतात. मेहुणे कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून काहीतरी ऐकत होते. ऐकणाऱ्या माणसाकडे किती वेळ बघणार? मी पाय लांब केले. टेबलाखाली अंगठ्याला काहीतरी गोल, गुळगुळीत लागलं. जरा दाबून पाहिलं तर दबलं.

इतका वेळ गुरगुरणारा कॉम्प्युटर गप्प झाला. स्क्रीन काळी पडली. मेहुण्यांनी डोळे उघडले, आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग खाली वाकून माझ्या पायाकडे.

"भावोजी, काय केलंत?"

"बटण दबलं वाटतं. लावतो ना परत, त्यात काय एवढं."

"लावा," ते म्हणाले. डॉक्टर ज्या आवाजात नातेवाइकांना 'भेटून घ्या' म्हणतात, तोच आवाज.

मी बटण लावलं. कॉम्प्युटर सुरू झाला. पण गाणं ज्या सॉफ्टवेअरमध्ये होतं त्याने दारातच पाटी लावली होती: आपली चाचणीची मुदत संपली आहे, पुढे वापरायचं तर विकत घ्या.

मुदत त्या दिवशी संपली नव्हती, कधीच संपली होती. पण दादांनी (बायकोचे थोरले भाऊ, ती दादा म्हणते म्हणून मीही म्हणतो) एक शोध लावला होता. मुदत संपली तरी उघडं असलेलं सॉफ्टवेअर तुम्हाला हाताला धरून बाहेर काढत नाही. ते बंद करून पुन्हा उघडायला गेलात की मगच अडवतं. म्हणून दादांनी ते बंदच केलं नव्हतं. कित्येक आठवडे तो कॉम्प्युटर अहोरात्र जागा होता. घरचे लोक त्या खोलीत आजारी माणसाला भेटायला जावं तसे पाय न वाजवता जात. वहिनी केरसुणी टेबलापासून हातभर लांबून फिरवीत. वीज गेली तर पंचाईत नको म्हणून दादांनी खाली एक बॅटरी जोडून ठेवली होती. सगळ्या संकटांचा विचार झाला होता, फक्त बहिणीच्या नवऱ्याचा राहून गेला होता. माझ्या अंगठ्याने दाबलं ते त्या बॅटरीचंच बटण.

दादा चष्म्याच्या दुकानात नंबर काढतात. आतल्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, तिच्यात काच सरकवायची आणि विचारायचं, "पहिलं बरं, की दुसरं?" मग काच बदलायची. "आणि आता? पहिलं, की दुसरं?" उभ्या आयुष्यात हा प्रश्न इतक्या वेळा विचारून तो त्यांच्या अंगातच मुरला आहे. त्यांच्या बैठकीच्या खोलीतली एक भिंत अर्धी फिकट पिवळी आणि अर्धी जराशी कमी फिकट पिवळी आहे. रंगारी दोन नमुने लावून गेला तो गेलाच; आता तो मुलाच्या धंद्यात लक्ष घालतो म्हणे. पाहुणा आला की दादा त्याला भिंतीसमोर उभा करतात. पाहुणा पहिला म्हणो की दुसरा, दादा तितक्याच आदराने मान डोलावतात. "हं. बरेच जण तसं म्हणतात."

वहिनी शहरात बस चालवतात. त्या म्हणतात, "लग्नाचं यांच्यावर सोडलं असतं तर मी अजून माहेरी असते. मीच विचारलं आणि मीच यांच्या वतीने हो म्हटलं."

गाण्याचा नाद दादांना पहिल्यापासून. खोलीत एका भिंतीला जुनी गादी उभी केली आहे, आवाज घुमू नये म्हणून. टेबललॅम्पचा दिवा काढून त्याच्या मानेला मायक्रोफोन बांधला आहे आणि त्यावर धुतलेला मोजा. वायरी चष्म्याच्या रिकाम्या डब्यांत गुंडाळून ठेवलेल्या. सगळी तयारी मन लावून केलेली, पाहिली की माणसाबद्दल माया वाटावी अशी. अडचण एकच होती. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं, हे ठरत नव्हतं.

कोणतंही सॉफ्टवेअर काही दिवस फुकट वापरून बघता येतं. दादा एक उतरवून घेत, त्यात गाणं सुरू करत, गाणं निम्म्यावर आलं की मुदत संपे. मग दुसरं उतरवून घेत. त्यात नवं गाणं. जुनं जुन्यात कुलूपबंद. असं करत दादांकडे सुरुवातींचा खजिना जमला होता आणि शेवट मात्र एकाही गाण्याला नव्हता. माझी बायको म्हणायची, "दादाचं गाणं ऐकलं की शिंक येता येता राहिल्यासारखं होतं."

घरातल्या घरात हे चालून गेलं असतं. पण या वेळच्या गाण्याची बाहेर कुणीतरी वाट बघत होतं.

कचरा उचलणाऱ्या गाड्यांचे मुकादम दादांकडे चष्मा करायला आले होते. आमच्याकडे त्या गाडीला घंटागाडी म्हणतात, पण घंटा जाऊन जमाना झाला. आता टपावर कर्णा असतो आणि त्यातून एक धून वाजते. ती धून कुणी केली माहीत नाही, पण करणाऱ्याचं दुखणाऱ्या दाताशी काहीतरी नातं असावं. नाकावर फ्रेम, समोर अक्षरं, आणि मुकादम आपलं दुःख सांगत होते. "लोक शिव्या देतात हो. गाडीला नाही, मला देतात. घरी बायको म्हणते, ती धून डोक्यात घेऊन जेवायला बसू नका."

"नवी का नाही करत?" दादांनी काच बदलत विचारलं.

"करणार कोण? लोक धावत खाली आले पाहिजेत, पण चिडून नाही. तिसऱ्या मजल्यावर मिक्सर चालू असताना ऐकू गेली पाहिजे, पण पाळण्यातलं मूल उठता कामा नये."

"मी करतो," दादा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दुसरा पर्याय न विचारता काहीतरी म्हटलं असावं.

मुकादमांनी वरून मंजुरी आणली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत धून द्यायची, शनिवारी सगळ्या गाड्यांत ती भरणार. नाही दिली तर जुनी धून आणखी वर्षभर. ज्या माणसाचं गाणं त्या अडगळीच्या खोलीचा उंबरा ओलांडून कधी बैठकीतसुद्धा आलं नव्हतं, त्याचं गाणं गल्लीबोळातून फिरणार होतं. आणि त्या गाण्यावर मी अंगठा ठेवला होता.

घरी माझी जी पूजा झाली तिचं वर्णन करत नाही. "दुसऱ्याच्या घरी गेलं की पाय जवळ घेऊन बसावं, हे मी सांगायला पाहिजे का तुम्हाला?" एवढं नमुन्यादाखल पुरे. संध्याकाळी आम्ही दोघं पुन्हा दादांकडे गेलो. मी म्हटलं, "दादा, ते सॉफ्टवेअर मी घेऊन देतो. चूक माझी आहे. आत्ता घेऊ, आत्ता कुलूप उघडेल."

दादांनी माझ्याकडे अत्यंत सहानुभूतीने पाहिलं. "तसं नाही भावोजी. हेच घ्यायचं असं अजून ठरलेलं नाही."

"अहो, पण गाणं त्यात आहे."

"म्हणूनच. एकदा घेतलं की घेतलं. मग दुसरं कसं होतं ते कधी कळणार?"

बायकोने कपाळाला हात लावला. वहिनी आतून म्हणाल्या, "विचारून काही उपयोग आहे का भावोजी? मी इतकी वर्षं विचारतेय."

त्यातल्या त्यात बरं असं, की गाण्याचे वाजवलेले तुकडे वेगळे साठवलेले होते. बासरी वेगळी (ती दादांनी कीबोर्डवर वाजवली होती, पण बासरी म्हणायची), ठेका वेगळा, वहिनींचं गुणगुणणं वेगळं. गेली होती ती त्यांची जुळणी. म्हणजे कपडा शिल्लक होता, शिवण उसवली होती.

त्या आठवड्यात मी ऑफिसातून परस्पर दादांकडे जात होतो; बायको आधीच तिथे येऊन बसलेली असे. पापक्षालन म्हणा. दादांनी चार नवी सॉफ्टवेअर उतरवून घेतली. एक दिसायला जुन्या रेडिओच्या कारखान्यासारखं, नुसती बटणं आणि काटे. एकात सगळे चौकोनच चौकोन, एखाद्या इमारतीच्या खिडक्यांसारखे; चौकोन दाबला की आतलं माणूस गायला लागतं. तिसरं सगळे मोठमोठे लोक वापरतात असं ते स्वतःच उघडताना सांगायचं. आणि चौथं अगदी साधं, त्याचं चित्र मुलांच्या खेळण्यासारखं, त्यामुळे त्याच्याकडे कुणी गंभीरपणे बघत नव्हतं. दादा प्रत्येकात तेच तुकडे ओतत, तेवढीच सुरुवात जुळवत आणि मग घरात हाक मारत, "अगं, जरा येता का सगळे?"

आम्ही ओळीने बसायचो. वहिनी खाकी गणवेशात, माझी बायको भाजीची चाळणी मांडीवर घेऊन, मी पाय स्टुलाच्या दांडीवर घेऊन.

"पहिलं," दादा म्हणत. वाजे. "आणि हे दुसरं." वाजे. "कुठलं बरं?"

"पहिलं," बायको म्हणे.

"का?"

"का म्हणजे? बरं वाटलं."

"बरं म्हणजे खाली भरीव वाटलं, की वर मोकळं वाटलं?"

"दादा, मला शेंगा निवडायच्या आहेत."

मी मात्र मन लावून उत्तरं देई. भरीव, मोकळं, गोल, कोरडं, असे शब्द मी त्या आठवड्यात इतके वापरले की ऑफिसातला चहाही मला कोरडा वाटायला लागला. दादा खूष होते. एकदा त्यांनी मला धंद्यातली गंमतही सांगितली.

"काही गिऱ्हाइकं नुसतं काहीतरी बोलतात भावोजी. पहिलं म्हणायचं म्हणून पहिलं. मग मी काय करतो माहितेय? एकच काच काढून पुन्हा तीच लावतो. आणि विचारतो, पहिलं की दुसरं? खरं गिऱ्हाईक म्हणतं, सारखंच आहे. कच्चं गिऱ्हाईक म्हणतं, दुसरं फारच छान."

"आणि मग?"

"मग मी त्याला चहा मागवतो आणि पुन्हा सुरू करतो. राग नाही येत. माणसाला वाटतं, विचारलंय म्हणजे फरक असणारच."

वहिनी दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. बस चालवणारा माणूस आरसा बघतो तसं त्यांनी एकदा दादांकडे पाहिलं आणि आत गेल्या.

गुरुवार उजाडला. धून जिथे रविवारी होती तिथेच होती. किंबहुना तिच्या चार सुरुवाती झाल्या होत्या. मुकादमांचा दुकानात फोन येऊन गेला. "उद्या नक्की ना साहेब?" दादा "नक्की" म्हणाले आणि घरी येऊन दोन सॉफ्टवेअरमधल्या घुमण्यातला फरक मोजायला बसले. मी गेलो तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरलेला होता. ऐन परीक्षेत पेन निवडत बसलेल्या मुलासारखे दिसत होते.

वहिनी ड्युटीवरून आल्या, चपला काढल्या, हात धुतले आणि सरळ त्या खोलीत गेल्या.

"उठा. आज गिऱ्हाईक तुम्ही."

"म्हणजे?"

"तुम्ही आम्हाला रोज ऐकवता. आज मी ऐकवते. इथे बसा, डोळे मिटा, ते कानाला लावा."

दादांना हे आवडलं. ते स्टुलावर बसले, हेडफोन चढवला, डोळे मिटले. वहिनींनी माऊस हातात घेतला.

"पहिलं," त्यांनी मोठ्याने सांगितलं आणि लावलं. मग थांबवलं. खाट्कन एकदा माऊस वाजवला. "आता दुसरं." लावलं.

"परत," दादा म्हणाले.

परत पहिलं, परत दुसरं. दादांची मान हळूहळू एका बाजूला कलली. चेहऱ्यावर समाधान पसरलं. अख्ख्या आठवड्यात मी त्यांना इतकं निश्चिंत पाहिलं नव्हतं.

"दुसरं," ते म्हणाले. "प्रश्नच नाही, दुसरं. पहिल्यात बासरीला जरा सर्दी झाल्यासारखं वाटतंय. दुसऱ्यात नाक मोकळं झालं."

"नक्की?"

"अगं, कुणालाही कळेल."

"दोन्ही एकच होतं," वहिनी म्हणाल्या. "मी थांबवलं आणि तेच परत लावलं."

दादांनी डोळे उघडले. माझी बायको छताकडे बघायला लागली, मी पायांकडे. आपल्या हयातीत कुणाचा असा चेहरा बघायची वेळ येऊ नये असं काहीसं वाटलं. दादांनी हेडफोन काढला, खिशातून चष्म्याचं फडकं काढलं आणि चष्मा पुसू लागले. काचा स्वच्छच होत्या.

"कुठलं होतं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत? जे उघडं होतं ते."

"एकच काच," दादा पुटपुटले. "कच्चं गिऱ्हाईक निघालो की मी." आणि खुदकन हसले. पण हसू लगेच गेलं. "अगं, पण पुरं झालं की लोक ऐकतील."

"मग?"

"मग कुणीतरी म्हणेल, बरं नाही. अर्धं आहे तोवर कुणी काही म्हणत नाही."

इतकी वर्षं भिंत पिवळी का आणि गाणी अर्धी का, याचं उत्तर हे असं सहज, चष्मा पुसता पुसता बाहेर आलं. मला वाटलं आता वहिनी काहीतरी मऊ बोलतील. वहिनी बस चालवतात.

"मला रोज म्हणतात," त्या म्हणाल्या. "ब्रेक जोरात मारला. थांबा सोडून पुढे थांबवली. ही बाई आहे म्हणून अशी चालवते. दिवसभर मागे बसून म्हणतात आणि उतरतात. त्यांना पोचायचं असतं आणि मी पोचवते. तुम्ही अर्ध्या रस्त्यात गाडी उभी करून काचा पुसत बसलाय. लोक म्हणणारच आहेत, पोचून तरी म्हणू देत." मग माझ्याकडे वळल्या. "चला भावोजी, बाहेर बसा. त्यांना काम आहे."

आम्ही बैठकीत त्या दोन रंगांच्या भिंतीसमोर बसलो. आतून बासरीची तीच ओळ ऐकू यायला लागली. पुन्हा तीच. मग ठेका. मग वहिनींचं गुणगुणणं, जे त्यांनी भांडी घासताना केलं होतं आणि दादांनी गुपचूप टिपलं होतं. वहिनी स्वतःचाच आवाज ऐकत शांतपणे कणीक मळत होत्या. ती ओळ आम्हाला पाठ होती. ती जिथे तुटायची तिथे आमचे श्वास आपोआप अडखळायचे. कितीदा तरी ती तिथेच तुटली. आणि मग एकदा तुटली नाही. पुढे गेली. बासरी थोडी वर चढली, जरा थबकली, आणि दाराशी येऊन कुणी हलकेच "आहात का?" म्हणावं तशी खाली येऊन थांबली.

आम्ही ते सूर यापूर्वी कधीच ऐकले नव्हते. शेवट होता तो.

"आली एकदाची शिंक," माझी बायको म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

दादा दारात आले. "झालं. पण एक भानगड आहे. चाचणीतलं सॉफ्टवेअर पुरं गाणं बाहेर काढू देत नाही. विकत घ्या म्हणतंय."

दादा आलटून पालटून आमच्याकडे बघत होते. मी तोंड उघडणार होतो, बायकोने चिमटा काढला.

"घेऊ?" दादांनी विचारलं.

"पोळ्या करायला घेतल्यात," वहिनी आतून म्हणाल्या. "काय ते आत्ता करा."

दादा आत गेले. माऊसचा आवाज आला, एकदाच. ते सॉफ्टवेअर कुठलं ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर आपल्यापैकी निम्मे जण म्हणतील की दुसरं घ्यायला हवं होतं, आणि दादा ते वाचतील.

शुक्रवारी मुकादम धून घेऊन गेले. जाताना बराच वेळ दादांचा हात हातात धरून उभे होते म्हणे.

नव्या धुनेची पहिली फेरी होती त्या सकाळी मी मुद्दाम दादांकडे गेलो. वहिनी पहिल्या पाळीला गेल्या होत्या. जाताना दाराशी दोन पिशव्या बांधून ठेवून गेल्या होत्या. दादा कामाला जायच्या कपड्यांत, केस विंचरून फाटकापाशी उभे होते. मीही एक पिशवी उचलून शेजारी उभा राहिलो. लांबून कर्णा ऐकू आला. पत्र्याच्या डब्यातून यावी तशी बासरी, पण आमचीच बासरी. तिसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालू होता, तो थांबला. जिन्यांत पायांचे आवाज आले. समोरच्या घरातली बाई बादली घेऊन आली आणि चालता चालता बादलीच्या कडीवर ठेका धरत होती; आपण तो धरलाय हे तिला माहीतही नसावं. कुणी कपाळाला आठ्या घातल्या नव्हत्या. पलीकडच्या घराचे आजोबा तेवढे म्हणाले, "जुनी लवकर ऐकू यायची." दादांनी ते ऐकलं. मी पटकन त्यांच्याकडे पाहिलं. ते आजोबांना मान डोलावून, "हं, बरेच जण तसं म्हणतील," असं म्हणाले आणि पिशवी घेऊन पुढे झाले.

गाडी आमच्यासमोर थांबली. ती ओळ आली, वर चढली, आणि न तुटता खाली उतरली. इतक्या लोकांच्या मधोमध तो माणूस आपलं पुरं झालेलं गाणं ऐकत उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलत नव्हती. मला राहवेना. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा, एवढ्या वर्षांनी तुमचं गाणं सगळ्या गल्लीने ऐकलं. अगदी मनापासून सांगा, आत्ता या क्षणी तुम्हाला नेमकं काय वाटतंय?"

दादा म्हणाले, "हातातली पिशवी टाका, गाडी चालली."